भाताच्या खळीची गाडी

पटले सरांविषयी लिहायला बसले की आधी उठून हात धुवावेसे वाटतात. आत्ताही धुवून आले आहे.

अर्जुनी मोरगावला आमची घरं लागून होती. मधे छातीइतकी भिंत. ते आमच्याच शाळेत कार्यानुभवाचे शिक्षक आणि मी त्याच शाळेच्या कार्यालयात लिपिक. म्हणजे दिवसा शाळेत आणि उरलेला वेळ भिंतीवरून, असा त्यांचा सहवास मला अकरा वर्षं घडला.

मला याद्या करायची सवय आहे. किराणा, घरातल्या दुरुस्त्या, कोणाचा फोन कधी आला आणि निरोप काय होता, सगळं मी वहीत लिहून ठेवते. सरांसाठीही एक पान होतं. वर शीर्षक, ‘शेजारी बोलून घ्यायचे विषय’. पहिला विषय खर्रा, दुसरा भिंत, तिसरा पुन्हा खर्रा.

खर्रा म्हणजे सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या तुकड्यात घालून घोटलेला. आमच्याकडे तो घरोघर चालतो, त्यामुळे नुसत्या खर्‍यानं मला कोणाची किळस आली नसती. पण सर खर्रा तोंडात धरून बोलायचे. आतलं सांडू नये म्हणून हनुवटी वर करायची, खालचा ओठ पन्हाळीसारखा पुढे काढायचा आणि पाणी पिणार्‍या कोंबडीसारखं आभाळाकडे बघत वाक्य पूर्ण करायचं. वाक्य संपलं की भिंतीच्या बुडाशी एक पिंक. त्यांची जागा ठरलेली होती. वर्षानुवर्षं त्याच जागी पडून पडून तिथला चुना आधी लाल, मग काळा झाला आणि शेवटी पोपडा धरून गळून पडला.

उजव्या करंगळीचं नख त्यांनी वाढवलेलं होतं. कापडाची घडी दाबायला, डिंकाच्या नळीचं तोंड मोकळं करायला आणि मुलांच्या वहीतली चूक दाखवायला ते लागतं, असं ते सांगायचे. कान आणि दातांच्या फटीही ते त्याच नखानं साफ करायचे. ही सगळी कामं एकाच बैठकीत, मधे नख न पुसता झालेली मी पाहिली आहेत.

आणि याच हातांचं काम असं, की बघत राहावं. शाळेचं जुनं दाखल-खारीज रजिस्टर चिंध्या होऊन माझ्याकडे आलं होतं. त्याच्या पानांना हात लावायची मला भीती वाटायची. सरांनी ते घरी नेऊन पान न् पान सोडवलं, जोडलं, शिवलं, कापडी पाठ चढवली. आज पंचवीसेक वर्षं झाली, ते रजिस्टर अजून वापरात आहे आणि त्याचा एक टाका सुटलेला नाही, असं मला शाळेतून कळतं. बांधणीला ते बाजारचा डिंक वापरत नसत. भाताची खळ करायचे. जुना तांदूळ गरगट शिजवायचा, धोतराच्या फडक्यातून गाळायचा आणि कीड लागू नये म्हणून त्यात चिमूटभर मोरचूद घालायचा. खळ जमली की नाही हे ते जिभेवर घेऊन पाहायचे. मी एकदा म्हटलं, सर, मोरचूद विष असतं. त्यावर त्यांची जीभ मुरलेली आहे, असं उत्तर मिळालं. चाटलेलं बोट मग कापडावर फिरायचं.

काम झालं की समोरच्याचं मनगट धरून त्याची बोटं त्या कामावर फिरवायची ही त्यांची रीत.

“डोळ्याले नाही समजत मॅडम, बोटाले समजते.”

मला खरोखरच समजायचं. कुठं सुरकुती नाही, कड नाही, गाठ नाही. मग मी नळावर जायची.

गाडीचं प्रकरण सुरू झालं ते त्यांच्या साडूमुळे. सरांची बायको, आम्ही सगळे त्यांना काकू म्हणायचो, आमगावजवळच्या एका खेड्यातल्या. त्यांच्या धाकट्या बहिणीच्या नवर्‍याची आमगावात राइस मिल. त्यानं नवी गाडी घेतली आणि आतून सगळी, छतापासून दरवाजांपर्यंत, साबराच्या चामड्यासारख्या मऊ कापडानं मढवून आणली. त्या वर्षी काकूंच्या माहेरच्या एका लग्नाला आमगावला सर आणि काकू एसटीनं गेले. काकूंना बस लागायची. त्या उतरल्या तेव्हा पदराला ओकारी लागलेली होती. साडू स्टेशनरोडवर गाडी घेऊन उभा होता. सर बसायला वाकले तसा तो चारचौघांत म्हणाला, “साडभाऊ, चपला काढून बसा. मखमल आहे.”

सरांनी चपला काढल्या. हातात धरून बसले. हे मला काकूंनी सांगितलं, आणि सांगताना त्या हसल्या नाहीत.

परत आल्यावर सरांनी जाहीर केलं की यापुढे काकू माहेरी जातील त्या स्वतःच्या गाडीनं. ती आतून साडूच्या गाडीपेक्षा सरस असेल, आणि ते काम ते स्वतः घरी, स्वतःच्या हातानं करतील. तोवर माहेर बंद. पहिला महिनाभर काकूंना याचं बरं वाटलं होतं. नवर्‍यानं आपल्यासाठी काही मनावर घेतलं याचं कोणत्याही बाईला वाटतं तसं.

त्यांनी एका कंत्राटदाराची जुनी पांढरी गाडी आणली. त्या गाडीतून आधी डिझेलचे कॅन आणि बकर्‍या नेल्या जात. सरांनी ती आमच्या भिंतीला लावून उभी केली आणि आतलं एकेक सोडवायला घेतलं. दरवाजांचे पॅड, छताचं अस्तर, काचांमधल्या खांबांची आवरणं. जुन्या अस्तरामागचा फोम पिवळा पडून भुकटी झाला होता. तो त्यांच्या डोक्यावर, भुवयांवर, बनियनवर झडायचा. तसेच ते जेवायला बसायचे. मग जेवता जेवता डोकं खाजवायचे.

मागच्या सीटखाली काय काय निघालं ते त्यांनी मला भिंतीवरून एकेक करून दाखवलं. लेंड्या. चिकटलेला लहान मुलाचा मोजा, चिकटला कशानं होता ते त्यांनी वास घेऊन ठरवलं. आणि उंदराचं घरटं, त्यात पाच पिल्लं, बिनकेसांची, गुलाबी, डोळे मिटलेली. ती त्यांनी चहाच्या बशीत घालून आणली होती.

“पाहा ना मॅडम, किती मऊ. असंच कापड पाहिजे.”

त्याच संध्याकाळी काकूंनी मला भिंतीवरून चहा दिला. कपाखाली तशीच बशी होती. ती बशी तीच होती की नाही हे मी विचारलं नाही. त्या दिवसापासून त्या घरचं काही खायचं-प्यायचं नाही असं मी ठरवलं आणि पाळलं.

कापड घ्यायला ते गोंदियाला आले तेव्हा मी ट्रेझरीच्या कामाला आले होते. त्यांनी मला दुकानात ओढून नेलं. दुकानदारानं ठाण उलगडलं. सरांनी आधी बोटांनी पाहिलं, मग हाताची पालथी बाजू फिरवली, मग गालाला लावलं, मग मानेला, आणि शर्टाची वरची गुंडी काढून छातीला. दुकानदार जरा वेळ बघत राहिला.

“मास्टरजी, कपड़ा देखिए, नहाइए मत.”

दुकानातली सगळी माणसं हसली. सरांना ऐकूच गेलं नाही. त्यांनी बदामी रंग घेतला. साडूचा राखाडी होता आणि राखाडीवर डाग दिसत नाहीत. ज्याच्यावर डाग दिसतो ते कापड वापरणाराच खरा, असं त्यांचं म्हणणं होतं. खर्रा खाणार्‍या माणसाचं.

दुकानदारानं चिकटवायला सोल्युशनचा डबाही दिला होता, चांभार वापरतात ते. सरांनी ओसरीवर तो उघडला आणि स्वयंपाकघरात काकूंना मळमळायला लागलं. संध्याकाळपर्यंत त्या तीनदा ओकल्या. सरांनी डब्याचं झाकण ठोकून बसवलं आणि तो तसाच चौकातल्या चांभाराला देऊन आले. ही एक गोष्ट त्यांच्या बाजूनं लिहायला हवी, म्हणून लिहिली.

त्यानंतर त्यांनी ठरवलं की गाडी भाताच्या खळीनं मढवायची.

खळीला वास नाही, खळ कापडातून वर फुटत नाही, चुकलं तर ओलं करून सोडवता येतं. तीस वर्षं त्यांनी तिच्यानंच रजिस्टरं बांधली होती. फक्त मोरचूद त्यांनी वगळला. एका तुकड्यावर पाहिलं तर बदामी रंगावर हिरवट झाक येत होती. मी विचारलं, मग कीड? ते म्हणाले की गाडीला काचा असतात, दरवाजे असतात, कीड शिरणार कुठून. मी शहाणी, मला वाटलं तीस वर्षांचा अनुभव आहे, यांना माहीत असेल. रजिस्टरं कोरड्या कपाटात राहतात आणि गाडी आषाढात धानाच्या बांध्यांमधून जाते, एवढा फरक आम्हा दोघांपैकी एकाच्याही डोक्यात आला नाही.

आधी त्यांनी हात बसावा म्हणून घरातल्या वस्तू मढवल्या. स्टूल, घड्याळ, चष्म्याचं घर, विजेचा बोर्ड. दहा-बारा दिवसांत घरात जिकडं हात लावावा तिकडं बदामी लव. शेवटी त्यांनी थुंकायचा डबाही मढवला. मी तो एकदाच पाहिला. कड आत वळवताना एक सुरकुती येऊ दिली नव्हती. त्या वळवलेल्या कडेवरच ओघळ साचून वाळलेला होता, आणि त्यावर माश्या.

मग गाडी. एका दरवाजाच्या पॅडला चार-चार आठवडे. जरा कुठं फुगा दिसला की सगळं ओलं करून काढायचं आणि पुन्हा पहिल्यापासून. केटलीच्या वाफेवर कापड धरायचं, ताणायचं, नखानं खाचेत बसवायचं, बोट जिभेला, बोट कापडाला. खळीचं पातेलं काकूंच्या स्वयंपाकातलं. उरलेली खळ दुसर्‍या दिवशी आंबायची आणि तो आंबूस, शिळ्या पेजेचा वास आमच्या अंगणातल्या वाळत घातलेल्या कपड्यांना लागायचा. काकू तीच खळ पातेल्यातून खरवडून काढायच्या आणि त्यातच संध्याकाळचा भात टाकायच्या.

अशात आमगावहून पहिला फोन आला. फोन आमच्याकडेच होता. काकूंचा भाऊ बोलत होता. आईची डावी बाजू गेली आहे, बोलते नीट, थोरलीला पाठवा म्हणते. मी काकूंना बोलावलं. त्यांनी फोन दोन्ही हातांनी धरला आणि फक्त हो, हो म्हणाल्या.

मी चिठ्ठीवर आगगाडीची वेळ लिहून दिली. सकाळची पॅसेंजर, गोंदियाला बदलायची, दुपारी जेवायच्या वेळेला आमगाव. आगगाडीत काकूंना त्रास होत नसे, खिडकीशी बसल्या की झालं. मी भिंतीपाशी जाऊन सरांना हे सगळं मुद्द्यानं सांगितलं. ते गाडीत पाय बाहेर काढून बसले होते. सगळं ऐकून घेतलं. मग हनुवटी वर केली.

“स्टेशनावर घ्याले कोण येईन? त्याचीच गाडी येईन. अन् तो हिले चपला काढाले लावन.”

काकू माझ्यामागे उभ्या होत्या. मला वाटलं होतं त्या आत गेल्या.

“काढीन ना मी चपला,” त्या म्हणाल्या. “मले काय होते त्यानं?”

सरांनी भिंतीकडे वळून पिंक टाकली. दोन दरवाजे राहिले, झाले की निघू, एवढं म्हणाले आणि केटली मागितली. काकूंनी केटली आणून दिली.

पुढच्या चार महिन्यांत आणखी तीन फोन आले. माझ्या वहीत तिन्ही आहेत. दुसर्‍यात, आई वाट पाहते आहे, गाडी झाली का? तिसर्‍यात, आई आता नावं चुकते. चौथ्यात भाऊ काही सांगण्याऐवजी मलाच विचारत होता, ताई येणार आहे की नाही तेवढं सांगा. मी प्रत्येक वेळी निरोप दिला आणि प्रत्येक वेळी सरांनी काय राहिलं ते सांगितलं. एक दरवाजा. छत. छताच्या मधल्या दिव्याभोवतीची चकती. ती चकती त्यांनी सात वेळा काढून लावली. मी मोजलं, कारण दुसरं काही माझ्या हातात नव्हतं.

काकू एकट्या उठून का गेल्या नाहीत, असं मला लोक विचारतात. मीही विचारलं होतं. त्या म्हणाल्या, “रुसते ना तो माणूस. मंग जेवत नाही.” सर एकदा तीन दिवस नुसत्या खर्‍यावर राहिले होते म्हणे. बायकोची आई अंथरुणावर आणि जेवण सोडायची भीती कोणाची, तर याची. त्या दिवशी मला जी किळस आली तिचा थुंकीशी काही संबंध नव्हता.

आषाढात गाडी झाली. सरांनी सगळ्या गल्लीला बोलावून दाखवली. दार उघडल्यावर लोक गप्प झाले, हे मला नाकारता येत नाही. छत एका अखंड कापडाचं, कुठं शिवण नाही. हात फिरवला की बदामी रंग एकीकडे गडद, एकीकडे फिका होत जायचा. खांबांच्या निमुळत्या टोकांवरही कापड असं बसलं होतं जणू तिथंच उगवलं आहे. माझंही मनगट धरून त्यांनी दरवाजावर फिरवलं. एकदा मी स्वतःहून पुन्हा फिरवलं.

मग पाऊस लागला तो आठ दिवस. धानाची रोवणी सुरू होती, रस्त्यावर चिखल, सरांना नव्या गाडीला चिखल लावायचा नव्हता. त्यांनी काचा गच्च बंद करून वर ताडपत्री बांधली. नवव्या दिवशी पाचवा फोन आला, आता उशीर करू नका असा, आणि त्यानंतर मात्र सरही म्हणाले, उद्या निघू. मला पगारबिलं घेऊन गोंदियाला जायचंच होतं. मॅडम, तुम्हीही चला म्हणाले. साडूच्या दारात गाडी उभी राहील तेव्हा गल्लीतलं कोणीतरी सोबत असावं, हा त्यातला हेतू मला कळत होता. तरी काकूंसाठी मी हो म्हटलं.

सकाळी ताडपत्री काढली. काचा आतून घामेजलेल्या होत्या. सरांनी दार उघडलं आणि आतून जो वास आला तो मी आजवर कुठं घेतलेला नाही. शिळी पेज, ओलं कुत्रं आणि बंद पडलेल्या विहिरीचं पाणी एकत्र केल्यासारखा. दरवाजांच्या बदामी कापडावर बुरशी आली होती, काळी ठिपक्याठिपक्यांची, आणि कोपर्‍यांत हिरवी, केसाळ. छत जागोजागी पोट धरून लोंबत होतं. आणि सगळीकडे तांदळातले सोंडे चालत होते. खालून खळ खाऊन कापडाला बारीक भोकं पाडून ते बाहेर येत होते. सीटवर, काचेवर, स्टिअरिंगवर.

सरांनी शर्टाच्या बाहीनं पुसायला सुरुवात केली. बुरशी पुसली गेली नाही, पसरली. काकू पिशवी हातात धरून उभ्या होत्या.

“हवा लागली की जाईन,” सर म्हणाले. “बसा.”

आम्ही बसलो. आज मला याचं आश्चर्य वाटतं, पण बसलो. काकूंनी पुढच्या सीटवर टॉवेल अंथरला, मी मागे बिलांची फाइल मांडीवर धरून अंग चोरून बसले. बाहेर पाऊस, त्यामुळे काचा बंद. तिघांचा श्वास आणि इंजिनाची ऊब, त्यानं आधीच भिजलेली खळ ढिली होत गेली. नवेगाव बांध मागे पडेपर्यंत माझ्या मानेवर दोन थेंब पडले होते, कोमट, चिकट. मी रुमालानं पुसले आणि काच जरा खाली करून रुमाल टाकून दिला. काकू पदर नाकाला लावून समोर बघत होत्या. सर एका हातानं गाडी चालवत होते, दुसर्‍या हातानं छताचं पोट वर दाबत होते, आणि तोंडात खर्रा होता.

कोहमार्‍याच्या चौकाआधी गतिरोधक आहे. त्यावर गाडी उडाली आणि छताचं कापड एका बाजूनं सुटून सगळंच्या सगळं काकूंच्या डोक्यावर आलं. ओलं, थंड, आतून बुळबुळीत. दुधावरची साय बोटाला चिकटते तसं ते त्यांच्या चेहर्‍याला चिकटलं. त्या ओरडल्या नाहीत. हातानं ते चेहर्‍यावरून सोलून काढलं, गाडी थांबताच दार उघडलं आणि रस्त्याच्या कडेला वाकून ओकू लागल्या. त्यांच्या केसांत खळ होती, कानाच्या पाळीवर सोंडे चालत होते. त्यांना धरायला मी उतरले आणि धरता धरता मीही ओकले.

चौकातल्या हॉटेलच्या नळावर काकूंनी केस धुतले. माझ्या कंगव्यानं विंचरले. साडी पिळली. परत आलो तेव्हा सर गाडीतच होते. दोन्ही सीटच्या मधे गुडघ्यावर उभे राहून त्यांनी कापड दोन्ही तळव्यांनी छताला दाबून धरलं होतं. हात सोडले की ते खाली येत होतं, म्हणून सोडता येत नव्हते. तोंड भरलेलं होतं. थुंकायला वळता येत नव्हतं. त्यांनी हनुवटी वर केली आणि दहा मिनिटं थांबा, चिकटते आहे, अशा अर्थाचं काहीतरी घशातून काढलं. ओठाच्या कोपर्‍यातून एक ओघळ निघाला, गळ्यावरून बनियनमध्ये गेला.

समोर गोंदियाची एसटी लागली होती. काकूंनी बसकडे पाहिलं. त्यांनी मागच्या सीटवरून आपली पिशवी घेतली, माझी फाइल मला दिली.

“धरून राहा तुमी,” त्या म्हणाल्या. “मी जाऊन येतो.”

आणि चालू लागल्या. मीही गेले. बसमध्ये त्यांना काही झालं नाही. पोटात काही उरलंच नव्हतं. गोंदियाला मी त्यांना आमगावच्या आगगाडीत बसवून दिलं.

पुढचं त्यांच्याकडूनच कळलं. आमगाव स्टेशनवर साडूची गाडी आली होती. त्यानं काही म्हणायच्या आधीच काकूंनी चपला काढल्या. आई जिवंत होती, डोळे उघडे होते. काकू अंथरुणाशी जाऊन बसल्या तेव्हा आईनं चालत्या उजव्या हातानं पदर डोक्यावर ओढून घेतला. “पाहुणी समजली मले,” काकू म्हणाल्या. नवव्या दिवशी आई गेली. त्या नऊ दिवसांत तिनं काकूंसमोर पदर खाली येऊ दिला नाही.

ही बातमी सरांना मीच दिली. फोन आमच्याकडे होता. ते गाडीतलं कापड ओरबाडून काढत होते. ऐकलं, मान हलवली. “आठ दिवस पाऊस नसता तर झालं असतं,” म्हणाले. मी जरा वेळ थांबले, पुढे काही येतं का म्हणून. ते करंगळीच्या नखात अडकलेली खळ दातानं काढत होते. घरी येऊन मी ‘शेजारी बोलून घ्यायचे विषय’ हे पान फाडून टाकलं. तोवर मला वाटत होतं की या माणसाशी बोलण्यासारखं काही आहे.

त्यानंतर काकू दोन-तीन महिन्यांनी आमगावला जाऊ लागल्या, भावाकडे. न विचारता, पॅसेंजरनं. सर रुसले, जेवण सोडलं. काकू भात करून, झाकून ठेवून निघून गेल्या. दुसर्‍या दिवशी पातेलं रिकामं होतं. गाडी आतून नुसत्या पत्र्याची झाली आणि पुढे भंगारवाला घेऊन गेला.

माझी बदली गोंदियाला झाली तेव्हा सामान आधी पुढे गेलं होतं. शेवटच्या सकाळी मी पॅसेंजरला बसले, तर काकू त्याच डब्यात चढल्या. सर त्यांची पिशवी घेऊन पोचवायला आले होते. ते आता निवृत्त झाले होते, हात जरा कापत होते. पिशवी त्यांनी खिडकीतून आत दिली. तिच्या बंदांवर ओल होती, मी पाय मागे घेतले. गाडी सुटली तसे ते खिडकीबरोबर चालू लागले आणि गज धरून काहीतरी विचारू लागले. तोंड भरलेलं, हनुवटी वर. शब्द एकही कळेना. एक शिंतोडा आत, माझ्या बाहीवर आला.

काकूंनी काच खाली ओढली.

मी पाण्याच्या बाटलीनं बाही धुतली, दोनदा. मग विचारलं, काय म्हणत होते सर?

“परत कधी येशीन, म्हणत होते.”

“मग सांगायचं होतं.”

काकूंनी चपला काढल्या, पाय वर घेऊन मांडी घातली, पिशवीतून डबा काढला.

“आली की समजन त्याईले,” त्या म्हणाल्या.

मी मागे वळून पाहिलं. सर फलाटाच्या टोकाला उभे होते. तोंड अजून भरलेलंच होतं. मनगटानं हनुवटी पुसत ते गाडीकडे बघत होते, आणि थुंकायचं विसरले होते.